चादरीचं दुसरं टोक

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास हावऱ्या लाँड्रीच्या मागच्या दारातून आत आला आणि म्हणाला, की संध्याकाळी पाचला तो राजीनामा देणार आहे.

ताईच्या हातात हॉटेलची मोठी चादर होती, नुकतीच वाळलेली, अजून कोमट. तिने वर पाहिलंही नाही. दोन टोकं आपल्या चिमटीत ठेवून उरलेली दोन तिने त्याच्याकडे भिरकावली. त्याने ती झेलली. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालायची नाही, हा या दुकानाचा नियम होता. आणि जो दुसरं टोक धरेल त्याच्याशी बोलावंच लागतं, हे त्या नियमाबरोबर आपोआप आलं होतं. घरातले अबोले याच टेबलापाशी सुटले होते आणि नवे अबोले याच टेबलापाशी सुरू झाले होते. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा हॉटेलच्या चादरी वेळेवर पोचल्या होत्या.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुला. आणि दादाला फोन केला. तो मसुदा घेऊन येतोय."

"बायकोला?"

"तिची ड्यूटी सुटायचीय अजून."

"म्हणजे वकिलाला आधी, बायकोला नंतर. वा! ताण नीट, सुरकुत्या राहतायत."

त्याने ताणली. दोघं एकमेकांकडे चालत आली, टोकाला टोक मिळालं, त्याने आपली टोकं तिच्या हातात दिली आणि खालची घडी उचलायला वाकला. उजवा गुडघा कटकन वाजला.

हाच तो गुडघा. लाँड्री पूर्वी फुटबॉल क्लबचे कपडे धुवायची आणि धुतलेल्या जर्स्यांचं पोतं मैदानावर पोचवायचं काम धाकट्याकडे होतं. पोतं टाकून तो परत येईनासा झाला, आणि काही वर्षांनी त्याच पोत्यात त्याची स्वतःची नऊ नंबरची जर्सी धुवायला येऊ लागली. पुढे सगळी उमेदीची वर्षं तो त्या एका क्लबसाठी गोल मारत राहिला. पास मागून मागून बाकीच्यांचे घसे बसायचे, तोवर चेंडू जाळ्यात गेलेला असायचा, त्यामुळे तक्रार करायलाही कुणाला जागा उरत नसे. प्रेक्षकांनीच त्याला हावऱ्या म्हणायला सुरुवात केली. नाव शिवीसारखं आलं आणि लाडकं होऊन बसलं. मग गुडघ्याने त्याला बाहेर बसवलं, क्लबने त्याला आधी मदतनीस केलं आणि गेल्या वर्षी मॅनेजर. आता संघ तळाला होता. शनिवारचा शेवटचा सामना जिंकला तर वरच्या गटात राहणार, नाही तर खाली. आज पाचला कार्यकारिणीची बैठक होती, आणि त्यात काय होणार हे सगळ्या शहराला ठाऊक असल्यासारखं वाटत होतं.

पण तो राजीनामा द्यायला निघाला होता तो बैठकीमुळे नव्हे. ताईला ते माहीत होतं. काल रात्रीपासून तिच्या फोनवर तीच चित्रफीत सतरा जणांकडून आली होती.

कालचा सामना. शेवटची काही मिनिटं, संघ एका गोलने मागे. कॅमेरा बाकावर बसलेल्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर. आणि त्याच्या बरोबर मागच्या रांगेत त्याचे ऐंशी वर्षांचे वडील ताडकन उभे राहतात, दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि ओरडतात, "सोड! अरे, सोड!" मॅनेजर मागे वळून बघतो. चेहरा उतरलेला. तिथे चित्रफीत संपते. वाहिनीने खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आता तर बापही म्हणतो, सोड!'

"तू एकदा बोल तरी त्यांच्याशी," ताई म्हणाली.

"काय बोलू? सगळं मैदान ऐकत होतं. अध्यक्ष चार खुर्च्या सोडून बसले होते. मी जिंकत असताना हा माणूस कधी खुर्चीतून उठला नाही गं, ताई. आणि उठला तो यासाठी."

दोघांनीही दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. बाबा तिथेच बसले होते, रोज बसतात तसे. मांडीवर जुनी बरणी, समोर पाटावर ओतलेली बटणं. धुताना तुटलेली, खिशातून निघालेली, कुणी परत न मागितलेली. ते रंग आणि आकार पाहून त्यांचे ढीग करत होते. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे काढून शर्टाच्या खिशात ठेवलेलं, कारण धुलाईच्या ड्रमच्या घरघरीत ते कानात शिट्ट्या मारतं. त्यामुळे त्यांच्यापासून सहा पावलांवर त्यांच्याचविषयी चाललेलं हे बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. काल ते हावऱ्याबरोबर नाही, शेजाऱ्याच्या गाडीतून घरी आले होते. रात्री जेवले, झोपले. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही. या घरात रागावलं, की प्रश्न विचारणं बंद होतं.

दहा-पंधरा मिनिटांत वकील आला. ताईच्या पाठचा आणि हावऱ्याच्या वरचा. काळा कोट हातावर, बगलेत फाइल. त्याने आधी टेबल कोरडं आहे का ते बोट फिरवून पाहिलं, मग फाइल ठेवली.

"बरं, लक्ष देऊन ऐका. त्यांनी काढून टाकण्याआधी आपण गेलो, तर इज्जत राहते. उद्या दुसरा क्लब बोलावू शकतो. काढून टाकलेल्याला कोण बोलावतं?"

"तू त्याच्या बाजूचा वकील आहेस की क्लबच्या?" ताई म्हणाली.

"मी शहाणपणाच्या बाजूचा आहे."

"तिकडे गर्दी नसेल फारशी. ये, टोक धर."

"ताई, मी कोर्टात जाणार आहे यानंतर. कोटाला पांढरा धागा लागला तर न्यायाधीश आधी तो बघतात."

त्याने चादर कधीच धरली नव्हती. लहानपणी त्याला परीक्षा होत्या, मोठेपणी अशिलं. ताईने दुसरी चादर ओढली आणि पुन्हा हावऱ्याच्या हातात दिली. तेवढ्यात वहिनी, हावऱ्याची बायको, आली. रात्रपाळी संपवून थेट इस्पितळातून, पायांत अजून पांढरे बूट. तिने एका नजरेत तिघं आणि फाइल पाहिली, पर्स खुंटीला अडकवली आणि ताईच्या हातातली टोकं आपल्याकडे घेतली. आता चादरीच्या दोन टोकांना नवराबायको होती आणि ताई बाजूला.

"दादांचा फोन आला होता," वहिनी म्हणाली. "म्हटलं, नवऱ्याचा नाही आला तरी दिराचा आला."

"मी सांगणारच होतो तुला."

"पेपरात वाचलंच असतं मी. सोड ते. मी खूशच आहे."

हावऱ्या चादर ताणायची विसरला. "खूश?"

"दोन हंगाम झाले. तू झोपेत हात उडवतोस, माहितेय? परवा माझ्या कानाखाली बसली. सकाळी विचारलं, तर म्हणे ऑफसाइड होता." ती हसली नाही. "मी वॉर्डात आठ तास माणसं जगवते आणि घरी येते, तर तिथेही एक पेशंट. मला तू घरी हवायस. त्या मैदानाला तू पुष्कळ वर्षं दिलीस. दादा म्हणतायत ते बरोबर आहे."

"बघा," वकील म्हणाला. "दोन मतं झाली."

ताईला तिसरं मत मांडायचं होतं, पण ते मत तिला स्वतःलाच नीट सापडत नव्हतं. इस्त्रीच्या यंत्राची वाफ सोडून ती परत आली, तरी ते सापडेना. भावाने क्लब सोडावा की न सोडावा, यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट खुपत होती. हा असा गेला, तर बाबांचं आणि याचं जन्मभराचं बिनसेल. शनिवारनंतर क्लबला नवा मॅनेजर मिळेल. या दोघांना मधे उभं राहायला नवा माणूस कुठून मिळणार? तीच उभी राहणार. दोघांच्या निरोपांची ने-आण करत.

वकिलाने चष्मा लावला. "वाचतो. 'माननीय अध्यक्ष, संघाच्या सद्यःस्थितीची जबाबदारी स्वीकारून, तसंच, माझ्या वडिलांनी मला जाहीरपणे पद सोडून दे असं सांगितल्यामुळे, त्यांच्या इच्छेचा मान राखून मी…'"

"थांबा," वहिनी म्हणाली. तिने चादर खाली टाकली. "बाबांचं नाव कशाला त्यात?"

"सहानुभूती मिळते. सगळ्यांनी पाहिलंय ते. आज्ञाधारक मुलगा म्हणून…"

"आज्ञाधारक? चाळिशी उलटलीय याची. आणि उद्या संघ खाली गेला, की लोक बाबांना रस्त्यात धरतील. भाजी आणायला जातात ते रोज. नाही, दादा. राजीनामा द्यायचा तर स्वतःच्या नावावर द्यायचा, बाबांच्या खांद्यावरून नाही."

"म्हणजे तू आता याच्या विरुद्ध?"

"मी कागदाच्या विरुद्ध आहे."

"कायद्यात कागद आणि…"

"परत वाच," ताई मधेच म्हणाली.

"सगळं?"

"बाबांचं वाक्य. ते काय म्हणाले असं लिहिलंयस?"

वकिलाने ओळीवर बोट ठेवलं. "'पद सोडून दे.'"

"असं म्हणाले ते?"

"अगं, शब्दशः नाही. ओरडताना माणूस आटोपशीर बोलतो. ते 'सोड' म्हणाले, मी ते नीट लिहिलं. अर्थ एकच."

"एकच कसा?" ताईने हात पदराला पुसले. "तू दोनदा परीक्षेत आपटलास आणि वकिली नको म्हणून याच टेबलावर डोकं ठेवून बसलास, तेव्हा बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले… नसेल झेपत तर सोडून दे."

"तुझ्या सिगरेटला?"

"सोडून दे. रोज म्हणायचे."

"मला तो कापडवाला सांगून आला होता, पसंत नाही म्हणून रडत होते, तेव्हा?"

"सोडून दे," हावऱ्या म्हणाला. तोही आता ताईकडे बघत होता.

"मग नुसतं 'सोड' ते कधी म्हणत?"

ड्रम शेवटच्या फेऱ्या घेत होता. टेबल हलकं थरथरत होतं. उत्तर दिलं ते वकिलाने, आणि त्याचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता.

"गल्लीत," तो म्हणाला. "मला काय विचारतेस? गोलात मीच असायचो."

दुकानामागच्या गल्लीत कपडे वाळत घालायचे दोन खांब होते, तोच गोल. वकिलाला पळायचा कंटाळा, म्हणून तो खांबांमधे. हावऱ्या पुढे, ताई त्याच्या मागे. चेंडू बाजूने आला, की हावऱ्या त्यावर झडप घालणार हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. सगळे त्याच्याकडे धावायचे. आणि ताई मागून ओरडायची, "सोड!" तो पाय फाकवायचा, चेंडू त्याच्या पायांमधून तसाच मागे जायचा आणि मागे ताई एकटी, मोकळी. तिच्या एकटीच्याच हाकेवर तो चेंडू सोडायचा. बाबा इस्त्री करता करता खिडकीतून बघायचे आणि तिच्या आधी तेच ओरडायला लागले होते.

"त्या एका शब्दावर माझे सगळे गोल गेले," वकील म्हणाला. "मला तो शब्द झोपेतही कळायला हवा होता."

ताईने भिंतीवरचा खटका खाली ओढला. ड्रम थांबला. दुकानात एकदम इतकी शांतता झाली, की बाबांनीच मान वर केली. ती त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली, त्यांच्या खिशातून यंत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"काय झालं? लाईट गेली?" यंत्र कानात बसवत बाबांनी विचारलं. मग चौघांकडे नीट पाहिलं. "हां. आला का अध्यक्षांचा निरोप? मला ठाऊक होतं. त्या खुर्च्यांवर बसून ओरडायचं नाही, असं तिकिटावरच लिहिलंय. राहवलं नाही मला. मी माफी मागीन हवी तर."

"बाबा, काल तुम्ही कुणाला म्हणालात सोड?"

"कुणाला म्हणजे? त्या उंच्याला!"

उंच्या म्हणजे संघाचा आत्ताचा नऊ नंबर.

"मी… मला वाटलं मला," हावऱ्या म्हणाला.

"तुला कशाला? तू बाकावर बसला होतास. तुझ्याकडे चेंडू होता का?" बाबांना खरंच नवल वाटलं. "तू मधे बसला होतास त्याला मी काय करू? तुझ्या डोक्यावरूनच ओरडावं लागणार."

वहिनी पहिली हसली. हसता हसता तिने टेबलावरच्या चादरीत तोंड खुपसलं. वकिलाने चष्मा काढून पुसला. हावऱ्या हसला नाही. तो स्टुलाजवळ खाली जमिनीवर बसला, दुखरा पाय लांब करून.

"काय पाहिलंत तुम्ही, बाबा?"

बाबांनी पाटावरचे ढीग हाताने मोडले. ओव्हरकोटाचं मोठं काळं बटण मधे ठेवलं. "हा उंच्या." शर्टाचं पांढरं बटण कडेला. "इथून चेंडू आला. जमिनीलगत, छान." चार तपकिरी बटणं काळ्याभोवती दाटीने. "हे सगळे याला चिकटलेले. का? कारण हा मारणारच. लहान मूलसुद्धा सांगेल." मग बरणीत बोट घालून त्यांनी एक लाल बटण शोधून काढलं, कुठल्या तरी फ्रॉकचं, आणि काळ्याच्या मागे बऱ्याच अंतरावर ठेवलं. "आणि हा अकरा नंबर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. याने नुसते पाय फाकवले असते तरी झालं असतं. पण नाही. घातली झडप, मारला आकाशात."

हावऱ्या त्या बटणांकडे बघत राहिला.

"मीच सांगितलंय त्याला," तो म्हणाला. "हंगामाच्या पहिल्या दिवशी. गोलसमोर आलेला प्रत्येक चेंडू तुझा, दुसऱ्याला द्यायचा नाही. मी असाच खेळलो म्हणून."

"असाच कुठे खेळलास?" ताई म्हणाली. "मी मागे असताना नाही."

"तू मोठ्या मैदानावर नव्हतीस ना."

ताईने वाकून लाल बटण किंचित डावीकडे सरकवलं. "इथे हवा तो," ती म्हणाली. "थोडा उशिरा निघाला तरी चालेल. आधी निघाला तर दिसतो."

बाबांनी पाहिलं आणि मान डोलावली. "हे बरोबर."

पुढचा बराच वेळ तिथे राजीनाम्याचा विषय निघाला नाही. वकील कोट खुंटीला लावून खाली बसला आणि गोलरक्षक कुठे चुकतो ते सांगू लागला. कारण, तो म्हणाला, ती बाजू इथे फक्त त्याने भोगलीय. गोलरक्षक काळ्या बटणाकडे बघतो. लाल त्याला दिसतच नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हावऱ्या प्रश्न विचारत होता, बटणं हलवत होता, पुन्हा पहिल्या जागी नेत होता. ताईला आठवेना, तो कुणाला प्रश्न विचारताना शेवटचा कधी दिसला होता.

मग त्याने अचानक विचारलं, "बाबा, मी राहू की जाऊ?"

"ते मला काय विचारतोस? नोकरी तुझी. बायकोला विचार."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"मला तू घरी हवायस हे मी मागे घेत नाही," ती म्हणाली. "पण हे असं तोंड घेऊन नकोस. शनिवारपर्यंत. त्यानंतर मी विचारणार नाही, सांगेन. आणि झोपेत हात उडवलास, तर बाहेरच्या खोलीत."

"आणि त्यांनी आजच काढलं तर?" वकील म्हणाला.

"तर काढलं," हावऱ्या म्हणाला. "पण हे बघून काढू देत."

त्याने बटणं एकेक करून उचलली आणि पँटच्या डाव्या खिशात टाकली. वकिलाने मसुदा पुढे केला. हावऱ्याने तो फाडला नाही. घडी घालून उजव्या खिशात ठेवला. लागला तर असावा, म्हणाला. बाबांनी हाक मारून त्याला थांबवलं आणि आणखी दोन तपकिरी बटणं दिली. समोरचा संघ मागे दाट खेळतो, असं त्यांचं मत होतं.

चार वाजता वहिनी त्याला गाडीतून घेऊन गेली. वकिलाने सकाळीच कोर्टात फोन करून तारीख पुढे ढकलून घेतली होती आणि कारण कौटुंबिक म्हणून सांगितलं होतं. आता तो टेबलापाशी नुसताच उभा राहिला. हॉटेलची गाडी सहाला येणार होती आणि चादरींचा ढीग अर्धाही उतरला नव्हता. ताईने एक उचलली, झटकली आणि सवयीने बाबांकडे वळली.

"आण इकडे," वकील म्हणाला.

त्याला टोकं कुठली धरायची तेही माहीत नव्हतं. उलटी धरली. ताईने सांगितलं, त्याने बदलली. दोघं एकमेकांकडे चालत आली तेव्हा तो एक पाऊल आधीच पोचला आणि चादर मधे ढिली पडली.

"घाई नको," ती म्हणाली. "गोलातून लवकर बाहेर यायची सवय जात नाही तुझी."

"तू मागून ओरडायचीस ना, म्हणून यायचो."

पाच वाजून गेले. साडेपाच झाले. बाबांनी यंत्र कानातून काढलं नव्हतं, म्हणून ड्रम बंदच ठेवला होता. सहाला हॉटेलची गाडी आली, माल घेऊन गेली. तिच्या चालकाने विचारलं, काय झालं हो क्लबचं? ताई म्हणाली, कळलं की सांगू.

सव्वासहाला तिचा फोन वाजला. वहिनीचा निरोप होता. ताईने मोठ्याने वाचला.

"'बैठक अजून चालू. मी बाहेरच्या बाकावर. आत्ता चहा आत गेला तेव्हा दार उघडलं. टेबलावर बटणं मांडलीयेत. अध्यक्ष उभे राहून एक बटण सरकवत होते.'"

वकिलाने हातातली चादर छातीशी धरली. "बरंय की वाईट?"

"लिहिलेलं नाही."

बाबा स्टुलावर पुढे सरकले.

"कोणतं?" त्यांनी विचारलं.

"कोणतं काय, बाबा?"

"बटण. कोणतं सरकवलं त्याने? काळं की लाल?"

ताईने निरोप पुन्हा पाहिला. तेही लिहिलेलं नव्हतं.

"विचार तिला," बाबा म्हणाले.

तिने विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.